पडदा

एजबॅस्टनच्या तळघरात, नाण्यांच्या खोलीत,
हीटर फक्त तिच्या टेबलाखाली चालायचा.
तिची खुर्ची उंच, हातांवरचे सिंह झिजून मेंढ्या झालेले,
कुठल्याशा लिलावातून आणलेली.
मला स्टूल.
अकरा वर्षं त्या स्टुलावरून वर बघत
मी ग्रीक शिकले.

माझं घैसास ती ‘गायसस’ म्हणायची,
हरलेल्या रोमन सरदाराला हाक मारावी तसं.
दोनदा दुरुस्त केलं. मग सोडून दिलं.

डॉ. हेस्टर प्लमली कुणासाठी उठत नसे.
डीन आला, उठली नाही.
अथेन्सचे पाहुणे फुलं घेऊन आले,
फुलं कुठे ठेवायची ते पेन्सिलीनं दाखवलं.
मी यायच्या आधी ती बसलेली,
मी निघताना बसलेली.

ही नाणी अशी वाटीसारखी का, मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.
“एकात एक बसतात, गायसस. वाद घालत नाहीत.”

मग एका नोव्हेंबरात, बर्मिंगहॅमवर चारलाच अंधार,
तिनं एक लॅटिन पान पुढे सरकवलं.
साल अकराशे एकाहत्तर.
जेरुसलेमचा राजा मदत मागायला कॉन्स्टँटिनोपलला आलेला.
समुद्राकडच्या पायऱ्यांनी त्याला वर नेलं,
ज्या एरवी फक्त सम्राटाच्या.
दरबारात सिंहासनापुढे भारी कापडाचा पडदा.
आत सम्राट आणि त्याचे मोजके लोक.
राजाला आत घेतलं, त्याचे सरदार बाहेर ठेवले,
आणि पडद्याआड
सम्राट उठून उभा राहिला.
मग पडदा सर्रकन बाजूला:
सम्राट सोन्याच्या आसनावर, राजा शेजारी,
आसन मानाचं,
पण खालचं.

मी हसले. म्हटलं, आमच्या लग्नांत हेच चालतं.
हा राजा तर सम्राटाच्या पुतण्याचा जावई,
आणि जावयाला खालचा पाट?
आमच्याकडे वऱ्हाड परत गेलं असतं.
पायरी ओळखून राहावं, आई सांगायची;
यांनी पाहुण्याला स्वतःची पायरी दिली
आणि वर नेऊन खाली बसवला.

“त्याला शब्द काय तुमच्यात?”
मानपान.
तिनं तो समासात उतरवून घेतला, ग्रीक अक्षरांत.
मग बराच वेळ हीटरचाच आवाज.
“मला एवढंच हवंय,” ती म्हणाली,
“उठताना त्याचा गुडघा वाजला का.”
हे बाहेरच्यांना कळलं तरी कसं, मी विचारलं.
“कुणीतरी बोललं. नेहमी कुणीतरी बोलतं.”

मार्चमध्ये क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल, सातवा मजला.
बाहेर बाकावर डीन, तिचा भाचा, द्राक्षांची पिशवी.
नर्स डेल्फीननं मला एकटीला आत घेतलं
आणि पडदा ओढला,
निळा, कागदासारखा,
कडेला बदलायची तारीख पेनानं लिहिलेली.

तिनं पांघरूण ढकललं.
मी म्हटलं, नको.
तिनं सलाइनचा दांडा धरला,
अनवाणी पाय एकेक करून लादीवर ठेवले.
गुडघा वाजला.

ती माझ्या खांद्याला लागत होती.
मला हे माहीत नव्हतं.
दोघींना काही सुचेना. दांड्याची चाकं जराशी सरकली,
मी ती पायानं अडवली.

डेल्फीननं पडदा उघडला तेव्हा
डॉ. प्लमली तीन उशांना टेकून बसलेली,
मी बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.
“उशीर केलास, गायसस,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
भाच्यानं द्राक्षं कुठे ठेवू विचारलं.
तिनं बोटानं दाखवलं.

सोमवारी उरलेली वाटी तोलली.
चार पूर्णांक एकतीस ग्रॅम, कडेला चीर, सम्राट उभा.
नोंद स्टुलावर बसूनच केली.
हीटर होता तिथेच, तिच्या टेबलाखाली, लावला.